तिचं काही नाही

बेअर्न्सडेल,
गुरुवार

प्रिय डॅड,

पाव तासाच्या अंतरावर राहणाऱ्या बापाला पत्र कसलं लिहायचं, असं तू म्हणशील. फोन करायचा की! पण तुला फोन केला की काय होतं ते मला पाठ आहे. मी जरा काही गंभीर बोलायला लागले की तू "बरं बरं, पोरी" म्हणतोस, घसा खाकरतोस आणि "ही घे, ममशी बोल" म्हणून फोन तिच्या हातात कोंबतोस. पत्र असं कोंबता येणार नाही. पाकिटावर मी फक्त तुझं नाव घातलंय आणि ममला बजावलंय की हे तिनं उघडायचं नाही. तेव्हा चष्मा लाव, शेडमध्ये जाऊन बस आणि शेवटपर्यंत वाच. मी चिडलेली आहे. शनिवारपासून चिडलेली आहे, आणि आज गुरुवार उजाडला तरी राग उतरायचं नाव घेत नाही.

शनिवारी आपण बोट बघायला गेलो होतो. 'घ्यायला' नव्हे, 'बघायला'. हा शब्द तुझाच. मार्चमध्ये जुन्या बोटीनं मान टाकली तेव्हापासून तू घोकत होतास, की उन्हाळ्याआधी, म्हणजे डिसेंबरच्या आत, नवी आणू, विनी आता सहा वर्षांची झाली, नातीला गळ टाकायला शिकवायचंय, नाताळात सगळे मिळून मेटंगला जाऊ. "सगळ्यांची बोट आहे, सगळ्यांनी मिळून ठरवू," हे तू माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझाच केक खात म्हणाला होतास. तुझा जावई कीरन समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर पाळीला गेलाय, त्याला यायला जमणार नव्हतं, तर त्यानंही तुला फोन करून सांगितलं होतं, "टॅम्सिन म्हणेल ती माझी पसंती." तू म्हणालास, "अर्थात!" हे 'अर्थात' तू फार सहज म्हणतोस, डॅड.

दोन बोटींवर येऊन गोष्ट थांबली होती. दोन्ही पेन्सव्हिलच्या त्या बोटींच्या यार्डातल्या जेटीला शेजारी शेजारी बांधलेल्या. एक अर्ध्या केबिनची, निळ्या पट्ट्याची: उंच कडा, टोकदार नाक, समोर काच, आणि आत उतरायला जेटीवरून ही एवढी मोठी ढांग. दुसरी पाँटून: दोन लांब पोकळ नळकांड्यांवर ठेवलेली सपाट जमीन, चहूकडून कठडा, वर कापडी छत, बाजूला रुंद फाटक. फाटक उघडलं की जेटी आणि बोट एका पातळीवर. तू तिच्याकडे एकदा बघितलंस आणि त्या टोपीवाल्या विक्रेत्याला डोळा मारून म्हणालास, "ही बोट आहे की दिवाणखाना? सोफे तर टाकलेत, टीव्ही कुठाय?" तो हसला, मम हसली, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा हसले. तू विनोद चांगले करतोस, हीच तर पंचाईत आहे. माणसं हसत असतात तेवढ्यात तू आपल्याला हवं ते करून मोकळा होतोस.

मग तू निळ्या पट्ट्याच्या बोटीत उतरलास, इंजिनाचं झाकण उघडलंस, आणि तुमचं दोघांचं गुऱ्हाळ सुरू झालं. विक्रेत्यानं मध्येच माझ्या चाकांच्या खुर्चीकडे बघितलं. वाईट नव्हता बिचारा. त्याला निदान प्रश्न तरी पडला. "आणि यांचं कसं? यांना आत यायला जमेल ना?" असं त्यानं विचारलं. विचारलं तुला, मला नाही, पण ते असो. आणि तू इंजिनातून मान वर न काढता म्हणालास, "तिचं काही नाही रे. तिला मी उचलतो. फुलासारखी आहे."

तिचं काही नाही. या तीन शब्दांवर मी गेले पाच दिवस धुमसते आहे. डॅड, मी छत्तीस वर्षांची बाई आहे. शाळेत गणित शिकवते. ताडमाड वाढलेली पोरं माझ्या एका नजरेनं खाली बसतात. रोज गाडी चालवत सेल गावापर्यंत जाते आणि येते, हातानं ब्रेक आणि हातानंच वेग. मी घर चालवते, नवरा दोन-दोन आठवडे समुद्रात असताना मूल वाढवते, आणि तुझ्यापेक्षा चांगले ब्रीम मासे पकडते, हे तू दोन बाटल्या बिअर पोटात गेल्यावर स्वतः कबूल केलं आहेस. माझं पुष्कळ काही आहे. फक्त ते तू विचारलं नाहीस.

आता तुला उचलण्याबद्दल सांगते, कारण उचलणाऱ्याला ते फारच छान वाटतं. बोट पाण्यात सोडायच्या रॅम्पवर तू मला उचलतोस तेव्हा काय होतं, हे तुझ्या खांद्याच्या पलीकडे असतं, म्हणून तुला दिसत नाही. माझा टी-शर्ट पाठीवर वर सरकतो. शेजारच्या ट्रेलरवरचा कुणीतरी धावत येतो, "हात देऊ का, मित्रा?" म्हणतो आणि माझ्या काखेत हात घालतो. तोसुद्धा तुलाच विचारतो. अशा किती पुरुषांनी मला धरलंय ज्यांची नावंही मला माहीत नाहीत! मागच्या नाताळात तर तू मला हातांत घेऊन उभाच राहिलास आणि तुझ्या दोस्ताशी, त्या क्लाइव्हशी, बोलायला लागलास. मासा कुठे लागतोय, आमिष काय लावलं होतंस, कोळंबी की गांडूळ. मी अधांतरी. माझी एक चप्पल पाण्यात पडली. मी म्हटलं, "डॅड, मी अजून इथेच आहे," तर तुम्ही दोघंही हसलात, आणि क्लाइव्ह म्हणाला, "जीभ मात्र शाबूत आहे हिची!" त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही, आणि त्याला हसणाऱ्या तुलाही नाही.

आणि आत ठेवल्यावर पुढे काय? माझी खुर्ची राहते गाडीत. मी दिवसभर तू ठेवलेल्या जागी. ऊन माझ्यावर आलं तर ऊन, वारा आला तर वारा. विनी पुढे गेली की मला ती दिसत नाही, फक्त ऐकू येते. तुला एक गोष्ट कधीच कळली नाही, ममलाही नाही. बोटीवर जायच्या दिवशी मी सकाळपासून काही पीत नाही. चहा नाही, पाणी नाही. कारण प्यायले की जावं लागणार, आणि जावं लागलं की तुला बोट काठाला लावावी लागणार, कुणालातरी हाक मारावी लागणार आणि मला पुन्हा त्या हातांमधून जावं लागणार. "टॅम्सिनला बोटीवर डोकं दुखतं, ऊन सोसत नाही तिला," असं तू सगळ्यांना सांगतोस. ऊन मला चांगलं सोसतं. मला तहान लागलेली असते.

तुझी बाजू मला कळत नाही असं समजू नकोस. नैऋत्येचा वारा सुटला की लेक किंग सरोवरावर आखूड, टोचऱ्या लाटा उठतात, आणि पाँटूनचं सपाट अंग त्यावर आपटत राहतं हे मलाही ठाऊक आहे. टोकदार नाकाची बोट त्या लाटा कापत जाते. केबिनमध्ये पोरांना पावसातून आत घेता येतं. सगळं मान्य! पण तू कधी अशा वाऱ्यात आम्हाला घेऊन गेलास, सांग बरं? सकाळी सहा वेळा हवामान बघणारा माणूस तू. झाडाचं पान हललं की "आज नको" म्हणतोस. आणि समुद्रात जायचं म्हणशील, तर लेक्स एन्ट्रन्सच्या मुखातून तू आजवर अगदी मोजक्या वेळा बाहेर गेला असशील, आणि त्यातल्या एका वेळी मम तुझ्या टोपीत ओकली होती. त्यानंतर ती टोपी आणि तो समुद्र, दोन्ही तू सोडून दिलंस. तेव्हा लाटांचं कारण मला सांगू नकोस. पोहायला उतरणं, सॉसेज भाजणं, रेमंड बेटाच्या कडेनं हळूहळू जात झाडांतले कोआला शोधणं, एवढंच आपण करतो. त्याला दिवाणखाना पुरतो.

तुम्ही इंजिनात डोकं घालून बसला होतात तेव्हा मी कुठे होते हे तुला माहीत नाही, कारण तू वळून बघितलंच नाहीस. मी पाँटूनवर होते. विनीनं फाटकाची कडी काढली आणि मी आत गेले. बस, एवढंच झालं. कुणी धरलं नाही, कुणी "सांभाळून" म्हटलं नाही. चाकं जेटीच्या फळ्यांवरून बोटीच्या जमिनीवर गेली तेव्हा जरासा आवाज झाला आणि बोट किंचित खाली गेली, माझ्या वजनानं. मी सरळ पुढच्या टोकापर्यंत गेले. मग उगाचच मागे आले. मग पुन्हा पुढे गेले. विनी ओरडली, "मम, तू बोटीवर चालतेस!" मी सुकाणूपाशी गेले. चालकाची खुर्ची चार बोल्ट काढले की निघते; तिथे माझी खुर्ची बसते आणि पट्ट्यांनी जमिनीला बांधता येते. एक हात सुकाणूच्या चाकावर, एक हात वेगाच्या दांड्यावर. बोट चालवायला पाय लागतातच कुठे, डॅड? मला तूच शिकवलंस ना? माझा परवाना सोळाव्या वर्षीचा आहे, अजून चालू आहे, दर वेळी मी तो न चुकता वाढवून घेते. आणि त्या अपघातानंतर आजपर्यंत तू एकदाही म्हणाला नाहीस, की ये, आज तू घे. एकदाही नाही.

तेवढ्यात तुझी हाक आली. "चल गं, उतर तिथून, आपलं ठरलं!" मी वळून बघते तो तू त्या माणसाशी हात मिळवत होतास. निळा पट्टा येत्या सोमवारपर्यंत तुझ्यासाठी राखून ठेवायचं कबूल करून तू मोकळा. सगळ्यांची बोट! घरी येताना गाडीत तू शीळ घालत होतास. मी खिडकीबाहेर बघत होते, आणि तू ममला म्हणालास, "दमली वाटतं पोर."

पण माझा खरा संताप इथे सुरू झाला नाही. तो मंगळवारी झाला. मंगळवारी ममचा फोन आला आणि बोलता बोलता ती रडायला लागली. तुझ्या पाठीचा मणका सरकलाय, हिवाळ्यापासून तुला इंजेक्शनं चालू आहेत, पेटीभर सामानही उचलायचं नाही म्हणून डॉक्टरनं तंबी दिलीय, आणि तू तिला शपथ घातलीस की मला कळू द्यायचं नाही. म्हणजे शनिवारी "तिला मी उचलतो" म्हणताना तुला हे सगळं माहीत होतं. एक बोट अशी होती की जिच्यात मी आपली आपण जाते. दुसरी अशी, की जिच्यात तू उचलल्याशिवाय मला पाऊल ठेवता येत नाही. आणि मोडक्या पाठीच्या माणसानं दुसरी निवडली. मी रात्रभर विचार केला, की हा माणूस मूर्ख आहे का? नाही. तू हट्टी आहेस, आढ्यताखोर आहेस, पण मूर्ख नाहीस. मग मला कळलं, की तू शनिवारी बोट निवडतच नव्हतास.

तेव्हा आता ते बोलूया, जे आपल्या घरात कुणी बोलत नाही. मी सतरा वर्षांची होते, बोटीच्या नाकावर पाय सोडून बसले होते, मम मागे सँडविचं भरत होती. उथळ वाळू कुठे सुरू होते ते दाखवणाऱ्या खुणेच्या खांबाच्या आतून तू बोट घातलीस. बाहेरचा माणूस खांबाला वळसा घालून गेला असता. आतून जाणं फक्त इथल्या माणसाला सुचतं. आजोबा आतून जायचे, तू आतून जायचास, सगळं पेन्सव्हिल जायचं. खांब म्हणजे मेलबर्नहून येणाऱ्यांसाठी, असं तुम्ही सगळे ऐटीत म्हणायचात. त्या हिवाळ्यात पूर आला होता आणि वाळू सरकली होती. बोट थांबली आणि मी थांबले नाही. इतकंच घडलं. त्यासाठी मी तुला कधी दोष दिला नाही. दवाखान्यात नाही, नंतर नाही, मनातल्या मनातही नाही. पण तू मला ते म्हणूच दिलं नाहीस. मी तो विषय काढला की तू उठून जायचास आणि परत यायचास तो माझ्यासाठी काहीतरी उचलायला. मला, माझी खुर्ची, माझी बॅग. तू आयुष्यभर मला उचलून माफी मागतो आहेस, आणि मी आयुष्यभर तुझ्या छातीशी नाक दाबून ती ऐकते आहे. मला कंटाळा आलाय, डॅड. मला तुझी माफी व्हायचं नाहीये. मला तुझ्याबरोबर मासे पकडायला जायचंय. तू ती बोट निवडलीस कारण दुसऱ्या बोटीवर तुला माझ्यासाठी करण्यासारखं काहीच उरलं नसतं, नुसतं माझ्या शेजारी बसावं लागलं असतं. त्याची तुला भीती वाटते. बोलावं लागेल म्हणून.

एवढं सगळं मंगळवारीच मनात तयार होतं, पण लिहिणार नव्हते. गिळलं असतं, नेहमीसारखं. सोमवारी तू ती बोट आणली असतीस, मी पाणी न पिता आले असते, हसले असते. पण आज विनीला घेऊन शाळेतून आले, कपडे बदलून बघते तर ती मागच्या अंगणात होती. कुत्र्याच्या खाण्याची मोठी गोणी तिनं शेडमधून फरफटत आणली होती. तिच्यासमोर गुडघे टेकून, दोन्ही हात गोणीखाली घालून, ती उठायचा प्रयत्न करत होती. तोंड लालबुंद, दातांवर दात. गोणी वीतभर वर गेली आणि ती गोणीसकट मागे कोसळली. मी ओरडले, "काय चाललंय हे?" तर उठून हात झटकत म्हणाली, "सराव करतेय. पॉपची पाठ बिघडलीय ना, नॅन फोनवर रडत होती, मी ऐकलं. आता पॉपनंतर मीच. डॅडा तर कामावर असतो." तिच्या दोन्ही दंडांवर गोणीचे वळ उठले होते. मग माझ्याजवळ आली, मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं, आणि विचारलं, "मम, तुझं वजन किती आहे गं? गोणीपेक्षा किती जास्त?" सहा वर्षांची आहे ती, डॅड. तिनं पाण्यात उड्या मारायच्या, मासे सोडवायचे, तिनं माझं वजन मनात धरून मोठं व्हायचं नाही. मी तिच्या वळांवर गार फडकं धरलं. उत्तर तू दे. बोटीचं सोमवारी काय करायचं ते तुझं तू ठरव, मी यार्डात फोन करणार नाही. पण हे वाचून झालं की लगेच विनीला फोन कर, फोन कुणाच्याही हातात न देता तिच्याशी बोल, आणि तिला सांग की तिच्या आईला कुणी उचलायचं नसतं. ती माझं ऐकणार नाही. तिनं आजवर तुलाच बघितलंय.

तुझीच,
अजूनही चिडलेली,
टॅम्सिन